शुभे, आधी टायटर कर

शुभे,

तुझा मेसेज परवाच बघितला गं, पण नाइट लागोपाठ होत्या. आत्ता स्वारगेटहून बसने आले, पाय गरम पाण्याच्या बादलीत टाकलेत आणि लिहितेय. तुला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये ड्यूटी मिळाली, नाच खुशाल, पण एक ऐक. आधी टायटर कर, म्हणजे हेपेटायटिस बीच्या लसीने रक्तात किती अँटिबॉडीज झाल्यात ती तपासणी.

मागच्या महिन्यात मला सुई टोचली. रात्री दोनचं अपेंडिक्स, शेवटचे टाके, सरांनी मॉनिटरकडे बघत बघतच नीडल होल्डर मागे दिला आणि टोक सरळ माझ्या बोटात, डबल ग्लोव्ह होते तरी. आणि मी काय केलं, तर गप्प बसले! मॉप काउंट (वापरलेल्या कापडी मॉपची मोजणी) राहिला होता, पुढचं सिझर बाहेर ट्रॉलीवर, वर "सिस्टर, लक्ष कुठंय" कोण ऐकून घेणार. ग्लोव्ह काढला तर आत तांदळाच्या कणीएवढं रक्त. ते मावशींनी बघितलं, म्हणाल्या, "ताई, आधी हात धुवा, काउंट दुसरी करंल."

साबण-पाण्याने धुतला, दाबला नाही, मग रिपोर्ट केलं. पीईपी, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणूनच्या गोळ्या, लागलीच तर दोन तासांत सुरू झालेली बरी, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि घ्यायच्या 28 दिवस. पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंत मी नुसती घड्याळाकडे बघत होते. निगेटिव्ह आला.

खरा धक्का पुढेच. आपण सगळे एचआयव्हीला घाबरतो, तिथे धोका हजारात 3 च्या आसपास, टाक्याची भरीव सुई असेल तर अजून कमी. हेपेटायटिस बीचा मात्र लस न घेतलेल्याला शंभरात 30 पर्यंत जातो. कॉलेजात आपण तीन डोस घेतले, लाइनीत उभं राहून, आठवतंय? पण टायटर कुणी बघितलं? 10 च्या वर पाहिजे, माझं 6 निघालं. बूस्टर घेतला लगेच.

बाकी कॉटरीचा, म्हणजे विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करतात त्या यंत्राचा धूर आहेच, केसांना वास येतो घरी येईपर्यंत, साधा मास्क तो अडवत नाही, सक्शनचं टोक धुराजवळ धरायला सांगत जा. सी-आर्मला, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे मशीनला, टीएलडी बॅज (आपल्याला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा) शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा, आमच्याकडे निम्मे बॅज हुकलाच लटकलेले, म्हणजे डोस भिंतीचा मोजतात!

आता मी सरांना म्हणते, "सर, सुई-ब्लेड ट्रेमध्ये ठेवा, हातात नको." पहिल्या दिवशी असं बघितलं माझ्याकडे, पण ठेवलं.

टायटरचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. आणि सोलापूरहून येताना शेंगाचटणी आण, काकूंच्या हातची, दुकानातली नको.

तुझीच,
वैशू