प्लेट्स लाव्हावर तरंगत नाहीत, आणि मध्ये राहतो म्हणून आपण सेफ पण नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात भूकंपाच्या बातमीशेजारी एक माहितीची चौकट होती, पृथ्वीच्या प्लेट्स खाली उकळणाऱ्या लाव्हावर तरंगतात, जिथे आदळतात तिथे भूकंप होतात आणि महाराष्ट्र प्लेटच्या मधोमध असल्यामुळे आपल्याला काळजीचं कारण नाही असं त्यात लिहिलं होतं. मी सोलापुरात भूगोल शिकवते. दुसऱ्याच दिवशी आठवीतल्या दोन मुली ते कात्रण घेऊन आल्या, बाई तुम्ही तर वेगळं सांगितलं होतं म्हणून. पेपरात छापून आलं की पोरांना तेच खरं वाटतं, म्हणून पत्र लिहितेय, थोडं मोठं होईल पण कृपया पूर्ण वाचा.

आधी लाव्हाचं. आपल्या पायाखाली लाव्हाचा समुद्र वगैरे नाहीये. प्लेट म्हणजे साधारण १०० किलोमीटर जाडीचा कडक खडक, आणि त्याच्या खालचं प्रावरण, म्हणजे गाभ्यापर्यंतचा जाड थर, तोही खडकच, घनच. हे कोणी खाली जाऊन बघितलेलं नाही तरी पक्कं माहितीये कारण भूकंपाच्या ज्या दुय्यम लहरी असतात त्या द्रवातून जातच नाहीत, आणि प्रावरणातून त्या आरामात जातात, थेट २,९०० किलोमीटर खोल बाह्य गाभा लागतो तिथे जाऊन अडतात. तो मात्र खरंच वितळलेला आहे. मग घन खडकावरून प्लेट सरकते कशी? मी वर्गात गुळाची ढेप सांगते. बत्ता मारला की ढेप टणकन फुटते, तुकडे उडतात. पण तीच ढेप अख्खा उन्हाळा कोठीत ठेवा, न वितळता आपोआप खाली बसते, बाजूने पसरते. प्रावरणाचा तापलेला खडक तसाच आहे, लाखो वर्षांच्या हिशोबात तो वाहतो, आणि वरची थंड प्लेट ढेपेसारखी फुटते, ते फुटणं म्हणजेच भूकंप. लाव्हा तयार होतो तो ठरावीक जागीच, काही ठिकाणी खडक थोडासा वितळतो तिथे. आपला सगळा काळा दगड म्हणजे आपली प्लेट अशाच एका जागेवरून जाताना ६.६ कोटी वर्षांपूर्वी वर आलेला लाव्हा आहे, ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे जागा जवळजवळ तिथेच राहिली आणि आपण इतक्या लांब आलो!

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी खरंतर हे पत्र आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला मी नववीत होते. गणपती विसर्जनाची रात्र, सगळे उशिरा झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना फळीवरची भांडी खाली आली आणि वडिलांनी आम्हाला हाताला धरून रस्त्यावर काढलं. आमचं काही नुकसान झालं नाही. पण माझी आत्या औसा तालुक्यात दिलेली होती, तिच्या सासरची पाच माणसं माळवदाखाली गेली. दगडमातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद, उन्हाळ्यात थंड म्हणून बांधलेली घरं. जवळपास १०,००० लोक गेले त्या पहाटे. आणि भूकंप किती होता, तर ६.२. एवढे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात.

हा भूकंप जिथे झाला ती औसा तालुक्यातली किल्लारी प्लेटच्या कडेवर आहे का? अजिबात नाही, हिमालय तिथून हजार किलोमीटरच्या पुढे. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात सुरक्षित! बरं, आदल्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीत छोटे छोटे धक्के बसत होते, लोक घाबरलेही होते. पण हा स्थिर प्रदेश आहे हेच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नंतर २००२ मध्ये झोन १ नकाशातून काढूनच टाकला आणि लातूरचा भाग झोन ३ मध्ये घेतला. तुमच्या चौकटीतलं मधोमध म्हणजे सुरक्षित हे वाक्य म्हणजे १९९३ च्या आधीचीच समजूत आहे, म्हणून मला ते वाचून बसवेना.

मध्ये भूकंप का होतो ते समजायला अवघड नाहीये. भारताची प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, बंगळुरू आणि हैदराबादची जीपीएस स्टेशनं हे मोजतात. किल्लारीच्या त्या पहाटेपासून आजपर्यंत आपण सगळे घरादारासकट दीड मीटरच्या वर सरकलोय. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी ही प्लेट आशियाला भिडली, मधला समुद्र आटत गेला आणि त्याचा तळ चुरगळून हिमालयात वर गेला (आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम बघा, त्यावरचं चक्र म्हणजे त्या समुद्रातल्या शंखासारख्या प्राण्याची खूण आहे, मुलींना हे सांगितलं की डोळे मोठे होतात). भिडूनही प्लेट थांबलेली नाही, रेटा चालूच आहे. पुढून अडलेली फळी मागून रेटत राहिलो तर ती फक्त टोकाला तडकेल असं नसतं, मध्ये जिथे जुनी चीर आहे तिथेही तडकते. आपल्या काळ्या दगडाखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अशा चिरा आहेत आणि वरून दिसत नाहीत. किल्लारीला तीन-साडेतीनशे मीटर काळा दगड वर आहे, त्याच्याखाली भेग आहे हे भूकंप होईपर्यंत कोणाला कळणार.

कोयनेचंही तेच. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणामुळे झाला असं सगळे म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी भेगांत मुरून दाब वाढला आणि निमित्त झालं, पण खडकात ताण आधीपासून साठलेला होता. आजही तिथे छोटे धक्के बसतात आणि म्हणूनच कराडच्या शास्त्रज्ञांनी तिथे ३ किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालवलाय. त्याच्यावर तुम्ही पानभर लिहिलं तर मी मुलांना ते पान वर्गात लावून देईन.

मला लोकांना घाबरवायचं नाहीये. मोठे भूकंप बहुतेक कडेलाच होतात हे खरंच आहे, २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा झाला तसे आपल्याकडे होणं कठीण. पण आपल्याकडे ६ चा सुद्धा पुरतो, कारण घरं. आमच्याच भागात आता बिनकॉलमची विटांची दोन मजली घरं उभी राहताना बघते, मिस्त्रीला विचारलं तर म्हणतो इथं कशाला पाहिजे बाई, इथं कुठं भूकंप येतो. किल्लारीपासून ७०-८० किलोमीटरवर हे बोलणं चाललंय. अशा माणसाच्या हातात तुमचा पेपर जातो, त्यात काळजीचं कारण नाही असं लिहिलेलं असतं.

तर विनंती एवढीच की दुरुस्ती छापा, आणि कोपऱ्यात नको, चौकट जेवढी होती तेवढ्याच जागेत. ३० सप्टेंबरला तुम्ही दरवर्षी किल्लारीची आठवण छापता, तेव्हा स्मारकाच्या फोटोशेजारी लिंटल बँड (दार-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा) आणि कोपऱ्यातल्या सळ्यांचं साधं चित्र द्या, मिस्त्रीला कळेल असं. चित्र मी आणि मुलींनी मिळून काढलंय, पत्रासोबत पाठवतेय.

आपली,
एक भूगोल शिक्षिका, सोलापूर