‘माझा स्वभावच तसा’ म्हणणाऱ्या मित्रास

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नव्या साहेबाशीही वाजलं म्हणतोस, आणि वर तेच पालुपद: ‘काय करणार, माझा स्वभावच तसा.’ एवढं बोललं की विषय मिटतो, म्हणूनच मला ते पटत नाही. मनोगतिकीय दृष्टिकोन, म्हणजे आजच्या वागण्यामागे जुनी नाती आणि नकळत दडलेल्या भावना शोधणारा विचार, नेमका इथेच हटून बसतो. तो विचारतो, असा स्वभाव झाला कसा, कोणासमोर झाला, आणि तो तुला कशापासून वाचवतो?

या विचाराचा मूळपुरुष फ्रॉइड, आणि त्याचं नाव काढलं की तू नाक मुरडणार, ठाऊक आहे. इदम्, अहम्, पराहम् (इड, इगो, सुपरइगो) ही मनाच्या तीन भागांची १९२३ सालची त्रयी परीक्षेपुरती घोकून झाली आहेच. ईडिपस गंड, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाशी चुरस, सरसकट सगळ्यांना लावणं मलाही ओढूनताणूनच वाटतं. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप तर अजून सलतो: माणूस कसाही वागला तरी सिद्धान्त बरोबरच ठरत असेल, तर तो तपासायचा कसा? पण एवढं सगळं वजा केल्यावरही एक गोष्ट हातात उरते. जुनी नाती आपण नव्या माणसांबरोबर पुन्हा मांडतो, आणि मांडतोय हे आपल्याला कळतही नाही.

१९२० साली फ्रॉइडने आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ लिहून ठेवला आहे. आई बाहेर गेली तरी पोरगं रडत नसे. दोरी बांधलेलं लाकडी रीळ ते पडदा लावलेल्या पलंगाच्या कडेवरून आत फेकायचं आणि लांबलचक ‘ओऽऽ’ करायचं. मग दोरी ओढून रीळ बाहेर काढायचं आणि खूश व्हायचं. गंमत अशी की नुसता फेकण्याचाच खेळ ते कितीतरी जास्त वेळा खेळे. दुखलं तेच पुन्हा कशाला करायचं? फ्रॉइडचा एक अंदाज असा, की खऱ्या आयुष्यात ते मूल मागे राहणारं होतं, खेळात ते दुसऱ्याला घालवून देणारं झालं.

आता तुझ्याकडे येतो, रागावू नकोस. तुझे बाबा पेपर खाली न करताच ‘हं’ म्हणायचे, ते मी तुमच्याकडे बसून पाहिलंय. तू आवाज चढवायचास, तेव्हा कुठे पेपर खाली यायचा, तोही ओरडण्यापुरता. या साहेबाबद्दल तू पहिलीच तक्रार काय लिहिलीस? ‘स्क्रीनवरची नजर काढत नाही.’ रागावून का होईना, त्याने बघावं, अशी काही तजवीज तू करत असशील का? साहेब खरंच उर्मट असेलही. पण सगळेच उर्मट तुझ्याच वाट्याला यावेत?

हे मी लिहिलं म्हणून तुझ्यात काही बदलेल, असं मात्र मानत नाही. असल्या घरगुती निदानाला फ्रॉइडने १९१० मध्येच ‘रानटी’ मनोविश्लेषण म्हणून झोडपलं होतं. माणसाला त्याच्या नेणिवेत, म्हणजे मनाच्या त्यालाच न कळणाऱ्या भागात, काय आहे ते नुसतं सांगणं म्हणजे दुष्काळात मेनू-कार्डं वाटणं, असं तो म्हणतो. नुसत्या माहितीसमोर मन आपली संरक्षणं आणखी घट्ट करतं. तू हे वाचताना ‘याला काय कळतंय’ म्हणाला असशीलच.

खरं काम होतं ते उपचारांच्या खोलीत, कारण जुनं नातं तिथेही मांडलं जातं, या वेळी समोरच्या थेरपिस्टबरोबर. याला भावसंक्रमण म्हणतात. फ्रॉइडलाही ते फटका खाऊन कळलं. ‘डोरा’ या टोपणनावाने ओळखली जाणारी १८ वर्षांची मुलगी १९०० च्या अखेरीस अकरा आठवड्यांतच उपचार सोडून गेली. निर्णय पंधरा दिवसांपूर्वीच घेतला होता म्हणाली, घरकामाची बाई नोटीस देते तसा. ज्या गृहस्थाने तिला दुखावलं होतं त्याच्यावरचा सूड तिने आपल्यावर उगवला, आणि आपल्या ते वेळेत लक्षात आलं नाही, अशी कबुली त्याने १९०५ मध्ये छापली. त्याच्या कित्येक बिनचूक अर्थनिर्णयांपेक्षा मला ही कबुली मोलाची वाटते.

आणि हे सगळं जुनाट झालंय असंही नाही. मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलरने २०१० मध्ये मनोगतिकीय उपचारांवरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. या पद्धतीचा गुण इतर मान्य उपचारांच्या तोडीचा दिसला, आणि उपचार संपल्यावरही तो टिकलेला, काही ठिकाणी वाढलेला आढळला.

तू ज्या बाईंकडे जायचं म्हणतोस, त्यांच्याकडे जाच. आठवड्याचा वार आणि वेळ ठरवून घे, फीचं आधीच बोल. काही दिवसांत त्यांचाही राग येईल: लक्ष देत नाहीत, घड्याळ बघतात, असं काहीतरी. तेव्हा ‘बरं नाही’ असा मेसेज टाकून दांडी मारू नकोस. जा, आणि राग आलाय हे त्यांच्या तोंडावर सांग.

आईंना नमस्कार.

तुझा,
विनय