तीन अंश राहिलेत

रविवार, रात्रीचे साडेअकरा

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

सहाची स्वारगेट गाडी आहे, म्हणजे पाचला उठवणार. तू डावा हात डोक्यावरून टाकून झोपली आहेस. दारातून दोनदा बघून आलो. आई म्हणाली, आता तिसऱ्यांदा गेलात तर तिला जाग येईल.

जेवताना जे झालं त्यामुळे लिहायला बसलोय. ‘बाबा, दुखतंय का हे आज चौथ्यांदा विचारलंत,’ म्हणून तू ताटावरून उठलीस. आमटीभात तसाच राहिला. मी मोजलं नव्हतं, पण चारदा विचारलंही असेल. या पत्रात विचारणार नाही. कोपर बरं होऊन जिम्नॅस्टिक्स परत सुरू करताना काय करायचं ते सरांनी आणि फिजिओताईंनी सांगितलंय, तेवढंच लिहितो आणि थांबतो.

पहिला महिना उंच बीमवर, त्या अरुंद दांडीवर, जायचं नाही. आधी जमिनीवर आखलेली रेघ, मग जमिनीलगतचा बीम, मग खाली गाद्या रचून मधल्या उंचीचा, आणि तो सव्वाशे सेंटिमीटरवाला अगदी शेवटी. फ्लिक, म्हणजे ती मागे हातांवरून घ्यायची उलटी उडी, आधी उतरत्या गादीवर, तीही सरांचा हात पाठीला असताना. हातांवर भार किती वेळा पडला ते रोज वहीत लिहायचं. सकाळी उठल्यावर कोपर आखडलेलं वाटलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि एक पायरी मागे यायचं. आणि सांगायचं. सरांना, आत्याला, नाहीतर मला.

बघ, आलोच मी तिथे.

मने, मला बीमची भीती नाही. म्हणजे आहे. दहा सेंटिमीटर रुंदी ऐकायला वेगळी आणि पट्टीने मोजून बघायला वेगळी. चार वर्षांची असताना तू गच्चीच्या कठड्यावरून चालायचीस आणि आजी खालून रामरक्षा म्हणायची, तो कठडासुद्धा नऊ इंची आहे, मी आज मोजला. पण पडण्याबद्दल मी फार विचार करत नाही. तुमच्या खेळात पडणं रोजचंच आहे. मला राहून राहून तो मार्च आठवतो.

मार्चभर तुझं मनगट दुखत होतं. तू टेप गुंडाळायचीस, वर लांब बाह्यांचं जॅकेट घालायचीस आणि आत्याला सांगायचीस की हॉलमध्ये एसी फार आहे. एप्रिलमध्ये बीमवर फ्लिक करताना तेच मनगट खचलं, हात निसटला आणि कोपर निखळलं. आतल्या बाजूचा हाडाचा तुकडा सुटला. या वयात तो पक्का जुळलेला नसतो म्हणे, स्नायूंनी जोरात ओढलं की निघून येतो. स्क्रू बसवून झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ‘मनगट आधीपासून दुखत होतं ना? तिथला वाढीचा भाग सुजलेला दिसतोय.’ मी म्हटलं, नाही हो, तसं काही नव्हतं. ठामपणे सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

आणि जुलैमधला तो रविवार. कॅलेंडरच्या मागे तुझे आकडे अजून आहेत. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर सरळ व्हायला पस्तीस अंश कमी पडत होते. दर रविवारी नाश्त्यानंतर टेबलावर हात ठेवायचा, दादाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावायचा आणि मी लिहायचं. 35, 28, 21, 21, 21. तीन आठवडे एकाच आकड्यावर अडकलो तेव्हा तू ताईंकडून येताना रिक्षात एक शब्द बोलली नव्हतीस. मग एकदम 14 आला, आईने शिरा केला. पुढच्या रविवारी 19. मला वाटलं मीच चुकीचं मोजतोय, चष्मा बदलून बघितलं. संध्याकाळी समोरच्या काकूंनी सांगितलं की पोरगी रोज दुपारी पाण्याच्या टाकीमागे हातांवर उभी असते. कोपर सुजून गरम झालं होतं आणि सकाळी टेबलाशी तू हसत बसली होतीस. ‘नाही बाबा, अजिबात नाही.’ इतकं सरळ तोंड करून म्हणालीस की माझा विश्वास बसला.

आता हे वाचून तू म्हणशील, झालं, सुरू झालं. खरं आहे. रागावू नकोस. मोठी झालीस, तेराव्या वर्षी घर सोडून राहतेस, पहाटे साडेचारचा गजर स्वतः लावतेस. माझ्याने या वयात शेंगदाण्याचं पोतं उचललं जात नव्हतं. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत तू फ्लोअरवर उतरलीस तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणाची हो ही? मी दोन मिनिटं काही बोललोच नाही, कारण बोललो असतो तर आवाज फुटला असता. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगितलेली नाही. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे, मी उगाच कठड्यावरून फिरत बसलो.

शोकेसमधला पितळी पेला तुला माहीत आहे. त्याची गोष्ट तू इतक्यांदा ऐकलीस की शाळेत निबंधात लिहिलीस. बाबा अकरावीत, मल्लखांबाची स्पर्धा, आठवड्यापूर्वी सरावात खांद्यावर पडले, कोणाला कळू दिलं नाही, हळद-तेल चोळलं आणि पुरलेल्या मल्लखांबावर पूर्ण संच करून दुसरे आले. ‘माती झटकली आणि परत चढलो.’ हे वाक्य माझंच. पाहुणे आले की मी ते म्हणायचो आणि तू दाराशी उभी राहून ओठ हलवायचीस.

गोष्ट तिथे संपत नाही. पेला घेऊन घरी आलो त्या रात्री शर्ट काढता येईना, म्हणून तसाच झोपलो. पुढच्या वर्षभरात तो खांदा चार वेळा निखळला, एकदा तर एसटीचा दांडा धरताना. मल्लखांबाच्या टोकावरच्या बोंडावर पुन्हा कधी बसलो नाही. वस्ताद दोनदा घरी येऊन गेले, मी मागच्या दाराने निघून गेलो. माळ्यावरचे डबे काढायला मी आईला सांगतो आणि तू मला आळशी म्हणतेस ना, तो आळस नाही. उजवा हात कानाच्या वर जातच नाही. हे मी तुला कधी कळू दिलं नाही. कोणाला कळू न देण्यात आपलं घर पटाईत आहे.

तुला मीच शिकवलं गं. तू आठ वर्षांची असताना 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधला तो व्हिडिओ मीच दाखवला, केरी स्ट्रग दुखावलेल्या घोट्यावर दुसरी व्हॉल्ट मारते आणि एका पायावर उभी राहते. कितीदा लावला असेल! त्यानंतर वैयक्तिक फेऱ्यांमध्ये तिला उतरता आलं नाही आणि ती उडी नसती तरी अमेरिकेच्या संघाला सुवर्ण मिळालंच असतं, हे मी यंदा हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्स व्हॉल्टवर अडीच गिरक्यांऐवजी दीड करून उतरली आणि स्पर्धेतून बाहेर पडली, तेव्हा ‘एवढी मोठी खेळाडू आणि माघार?’ असं टीव्हीसमोर मीच म्हणालो. तू नऊ वर्षांची होतीस. ‘बाबा, तिला हवेत आपण कुठे आहोत तेच कळत नव्हतं,’ असं तू मला समजावलंस आणि मी आवाज वाढवून बातम्या लावल्या. पॅरिसमध्ये ती तीन सुवर्णं घेऊन गेली तेव्हा तू काही बोलली नाहीस, नुसतं माझ्याकडे बघितलंस. बरोबर बघितलंस.

तुझ्या भिंतीवरच्या दीपा कर्माकरबद्दलही मी रिओ ऑलिंपिकचं तेवढंच सांगत आलो. चौथी आली, पदक 0.150 गुणांनी हुकलं. 2017 मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुर्कस्तानातल्या मर्सिनच्या स्पर्धेतलं सुवर्ण 2018 च्या जुलैत आलं. मधलं सव्वा वर्ष आपण कधी बोललोच नाही. ती रोज काय करत असेल त्या दिवसांत? बहुतेक तुझ्यासारखंच, टॉवेलची घडी आणि रबराचा पट्टा.

एवढं लिहून मी उपदेशच केला, असं आता वरचं वाचताना वाटतंय. खोडत नाही, वेळ नाही. यंदा राज्य स्पर्धा नाही झाली तर नाही. हे मी मनापासून म्हणतोय का? नव्वद टक्के. उरलेल्या दहा टक्क्यांचं माझं मी बघतो, तू त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

फोनवर मी विचारेन. कितीही ठरवलं तरी विचारेन. ‘नाही दुखत’ असं तू म्हणशील तेव्हा मला जुलै आठवेल, त्याला इलाज नाही. त्यापेक्षा असं करू. मी विचारायच्या आत तू रविवारी नुसता आकडा पाठव. आज तीन आहे. चार झाला तर चार पाठव, नऊ झाला तर नऊ. आकडा वाढला म्हणून तुला सांगलीला घेऊन यायला मी गाडीत बसणार नाही. आई साक्षीला आहे, ती आत्ता इथे शेंगदाण्याची चटणी भरतेय आणि मान हलवतेय.

लोणच्याची बरणी कपड्यांत ठेवलेली नाही, वेगळ्या पिशवीत आहे. आत्याला नमस्कार सांग. गाडीत खिडकीशी बसलीस तर डावं कोपर बाहेर काढू नकोस, कराडच्या पुढे ट्रक फार अंगावरून जातात.

तुझे
बाबा

ता. क. कोनमापक बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, चटईच्या मागे ठेवलाय. दादाला सांगू नकोस. त्याचा शुक्रवारी भूमितीचा पेपर आहे, मी उद्या दुकान उघडलं की नवीन आणतो.