पहिल्या भागात चौघांना बसव

कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझ्या कादंबरीचा मालिकेसाठी केलेला आराखडा वाचला. कथा जाळ आहे, पण तू फक्त 'प्रकरण' खोडून 'भाग' लिहिलंयस. कारखान्याच्या टेंडरचे आकडे कोण फोडतं, हा प्रश्न तिसऱ्या भागात येतो. तोवर बघणारा चॅनेल बदलून मोकळा!

जॉन ल कारेची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७४) आणि तिच्यावरची बीबीसीची १९७९ची सात भागांची मालिका शेजारीशेजारी ठेव. ब्रिटिश हेर खात्याच्या वरच्या फळीत रशियाचा माणूस बसलाय, तो कोण, हे शोधायचंय. पुस्तक उघडतं एका शाळेत: पाठ दुखावलेला माजी हेर जिम प्रिडो पावसात नवा मास्तर म्हणून येतो. त्याला गोळी कशी लागली, हे तो तपास करणाऱ्या स्मायलीला पार उशिरा सांगतो. पटकथा लिहिणाऱ्या आर्थर हॉपक्राफ्टने ती गोळी लागली ती चेकोस्लोव्हाकियातली मोहीम उचलून पहिल्याच भागात टाकली. त्याच्याही आधी एक मुका प्रसंग. बैठकीची खोली, चौघे संशयित एकेक करून आत येतात. शेवटी हेडन, हातात चहाचा कप, बशी कपाखाली नाही, कपावर. बैठक सुरू होईपर्यंत कुणी ब्र काढत नाही, पण चौघांचं आपसातलं सगळं कळतं. गुन्हेगार कोण ते सांगत नाही, बघच.

तुझ्याकडे संचालक मंडळाची मीटिंग आयती आहे. चेअरमन यायच्या आत कोण कुठली खुर्ची धरतो, कोण मोबाईल पालथा ठेवतो, एवढंच दाखव. दोन मिनिटं, संवाद शून्य.

मग चिठ्ठ्या कर. एका प्रसंगाला एक चिठ्ठी, तिच्यावर दोनच गोष्टी: इथे तपास करणाऱ्याला काय नवं कळलं आणि बघणाऱ्याला काय कळलं. दोन्ही रकाने रिकामे असतील तर प्रसंग गेला, कितीही लाडका असो. (पन्हाळ्यावरची सहल आधी जाईल.) पटकथेचं पान साधारण मिनिटाचं धर, पंचेचाळीस मिनिटांच्या भागाला पंचेचाळीस पानं, त्यावर गेलास की कात्री.

खरी गोची फोनची. कादंबरीत 'पलीकडून आवाज आला' म्हटलं की भागतं. मालिकेत तो आवाज नटाचा असतो आणि लोक लगेच ओळखतात. ते सगळे फोन काढ, निरोप चिठ्ठीने जाऊ दे. नटांचंही तेच. तिघे नवखे आणि चौथा नावाजलेला घेतलास, तर पहिल्या भागातच चोर सापडला. बीबीसीने चौघेही तोलामोलाचे घेतले होते.

आणि नायकाची ती सहा पानी आठवण? स्मायली दिल्लीच्या तुरुंगात रशियन हेर कार्लाला भेटल्याचं पुस्तकात लांबलचक सांगतो. मालिकेत तो प्रसंग दिसतो, आणि पॅट्रिक स्टुअर्टचा कार्ला एक शब्द बोलत नाही, स्मायलीचा लायटर तेवढा घेऊन जातो. तुझ्या आठवणीतही अशी एखादी वस्तू असेल, ती शोध आणि बाकीचं काप.

पहिल्या दोन भागांच्या चिठ्ठ्या आधी पाठव, संवादाला तोवर हात लावू नकोस.

तुझाच,
बाळू