गोल्फ क्लबवर चालायला येणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

आमच्या सोसायटीची स्मरणिका छापून आली. गोल्फ क्लबांच्या इतिहासावरचा लेख आवडल्याचे फोन येताहेत. त्यातला जीव तुमच्यामुळे आलाय, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

नाशकात रिक्षावाल्याला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' म्हटलं तर तो क्षणभर विचारात पडतो. 'गोल्फ क्लब' म्हटलं की लगेच 'बसा' म्हणतो. 1909 साली कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडून फासावर गेलेल्या कोवळ्या पोराचं नाव साहेबी खेळाच्या मैदानाला लागलं, याचं मला भारी समाधान आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून गोल्फच. आता तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात आणि सकाळी आपण सगळे गोल गोल फिरतो.

माझ्या टिपणांत सनावळ्या होत्या. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत गव्हर्नर विलिंग्डननी गोऱ्यांबरोबर हिंदी लोकांनाही सभासद करून घेणारा क्लब काढला, वगैरे. तुम्ही बाकावर बसून ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "बॅग कोण उचलत होतं, ते कुठंय?"

मग मुंबईत कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहण्यात, काढलेली वर्षं तुम्ही उलगडलीत. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या. पण कुठली कधी द्यायची, हे साहेबापेक्षा कॅडीला जास्त कळतं. चेंडू झुडपात गेला तरी नजर हटवायची नाही. पाण्याची बोंब असलेल्या मैदानांवर चेंडूच्या खळगीभोवती हिरवळीऐवजी 'ब्राऊन' असायचे, म्हणजे तेल पाजलेली वाळू. ती पावलांनी विस्कटली की पुन्हा सारखी करायची. हे दाखवताना तुम्ही हातातली काठी मातीवरून अशी अलगद ओढलीत, की मागून येणारे दोघं चालायचे थांबले!

तिथून लेखाची दिशाच बदलली. अमेरिकेत ब्रुकलाइनच्या 'द कंट्री क्लब'ची स्थापना 1882 ची. क्लबासमोरच्याच घरात राहणारा, तिथे कॅडीचं काम केलेला विशीतला फ्रान्सिस विमेट 1913 मध्ये त्याच मैदानावर यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला. समोर वार्डन आणि रे हे इंग्लंडकडचे दोन दिग्गज, आणि विमेटची बॅग दहा वर्षांच्या एडी लोअरीकडे. आपल्याकडे अली शेर कॅडी म्हणूनच वाढले आणि 1991 मध्ये दिल्लीत इंडियन ओपन जिंकले. त्यांचं नाव घेताना तुमचा आवाज चढला होता.

नाव छापू नको म्हणालात, म्हणून छापलं नाही. दोन प्रती नेहमीच्या चहावाल्याकडे ठेवल्यात. एक नातीला द्या. आणि पावसाळ्यात कॅडींच्या रोजीचं काय व्हायचं, ते सांगायचं राहिलंय. रविवारी येतोच.

आपला,
स्मरणिकेचा संपादक