ईएसच्या मॅडमना, चाकणहून

मॅडम,
सादर नमस्कार.

हे तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांत लिहितोय. रोजगार कौशल्य, म्हणजे आमचा 'ईएस', हा आयटीआयमधला सगळ्यात हलका विषय समजला जातो. प्रॅक्टिकलला मुलं निमूट हजर असतात आणि ईएसच्या तासाला निम्मी टपरीवर. त्या तासाचे आभार जाहीरपणेच मानायला हवेत.

आता कंपनीत माझ्या लाइनवर दरवर्षी नवी अप्रेंटिस पोरं येतात, बरीचशी मराठवाड्या-विदर्भातली. हात चांगले असतात, व्हर्नियर वाचता येतो, ड्रॉइंग कळतं. घोडं पेंड खातं ते बोलण्यापाशी. पार्ट गेजला, म्हणजे माप तपासायच्या साधनाला, लागत नाही हे दिसत असतं, पण सुपरवायझरला सांगायचं कसं? सांगितलं तर शिव्या, नाही सांगितलं तर पार्टची अख्खी पेटी, म्हणजे बिन, रिजेक्ट. पोरगं गप्प राहतं, आतल्या आत कुढतं आणि एक दिवस बॅग भरून गावाकडची एसटी धरतं.

तुम्ही आम्हाला वर्कशॉपमध्ये नेऊन बेंच ग्राइंडर सुरू करायला लावायचात आणि स्वतः कपाळाला आठ्या घालून सुपरवायझर म्हणून उभ्या राहायचात. त्या आवाजात एकेकानं येऊन तीनच गोष्टी सांगायच्या: काय झालंय, कुठं झालंय, मी काय केलंय. "सर, ते जरा..." अशी सुरुवात झाली की तुम्ही घड्याळ बघत चालू पडायचात. मग पुढं जाऊन, समोर उभं राहून, पहिल्यापासून सांगायचं. पोरं खिदळायची.

कंपनीत लागल्यावर लवकरच ते कामी आलं. रात्रपाळीच्या एका बिनमधल्या पार्टच्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, नो-गो प्लग सरळ आत जात होता; भोक मापात असेल तर हा गेज आत जात नाही. मी सुपरवायझरकडं जाऊन म्हणालो, "सर, बोअर मोठा येतोय, रात्रीच्या बिनमध्ये. बिन लाल टॅग लावून बाजूला ठेवलीय." ते ओरडले, कारण तेव्हा डिस्पॅचची घाई होती. पण ओरडत का होईना, मशीनपाशी गेले आणि ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, तपासला. एवढंच हवं होतं.

ओरड्याचंही तुम्ही नीट सांगितलं होतंत. कामावरून बोलले तर ऐकून घ्या, दुरुस्त करा, विसरा. जातीवरून, आईबापावरून बोलले तर गिळू नका. तारीख, वेळ, शब्द वहीत लिहा आणि वरच्या माणसाकडं जा. 1961चा अप्रेंटिस कायदाही तुम्हीच वाचून दाखवलात. सरकारी अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावता येत नाही, हे ठाऊक असलेलं पोरगं आवाज न चढवता नाही म्हणू शकतं.

आणि मनाचं. हल्ली जॉइनिंगच्या दिवशी माइकवाला वक्ता बोलावतात, टाळ्या वाजवून घेतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं हवेत. माणसं कमी आणि टार्गेट तेवढंच असेल, तर कुठलं भाषण पुरणार? तुम्ही 'मन घट्ट करा' असं कधी म्हणाला नाहीत. तुम्ही विचारायचात, खोलीत किती जण राहणार, स्वयंपाक कोण करणार, नाईट करून आल्यावर पत्र्याखाली दिवसा झोपणार कसे. घरची आठवण आली तर आईला फोन झोपून उठल्यावर करा, थकलेल्या आवाजात नको; तिचाही दिवस जातो आणि तुमचीही झोप. हे तेव्हा फार घरगुती वाटलं होतं. आज नव्या पोरांना मी पहिल्यांदा झोप आणि जेवणच विचारतो.

मनावर ताण आला तर फोन करायचा टेली-मानसचा 14416 हा नंबर तुम्हीच मागे ग्रुपवर टाकला होतात. ऑक्टोबर 2022 पासूनची ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मी तो लॉकरच्या दारावर आतून चिकटवलाय. दोघातिघांनी न बोलता फोटो काढून नेला. मीही काही विचारलं नाही.

मॅडम, मनापासून आभार. तुमच्या यंदाच्या बॅचमधले काही जण आमच्याकडं येणार असं कळलंय. खोली मिळेपर्यंत त्यांना माझ्याकडंच उतरायला सांगा. गादी आहे, फक्त जेवणाचा डबा आणि पांघरूण आणू देत.

तुमचा विद्यार्थी,
फिटर ट्रेड, मागच्या बाकावरचा