मेंटेनर काय देणे लागतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि वापरता येतो अशा सॉफ्टवेअरमधील त्रुटींविषयीचा जो लेख आपण नुकताच छापला, त्याचा सगळा रोख हे सॉफ्टवेअर फावल्या वेळात सांभाळणाऱ्या मेंटेनरांवर होता. लोक ज्यावर विसंबून आहेत ते त्यांनी वाऱ्यावर सोडू नये, तक्रारींना वेळेवर उत्तरे द्यावीत, त्रुटी तातडीने दुरुस्त कराव्यात, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. मी स्वतः नऊ वर्षे एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरावा असा तयार कोड) सांभाळली असल्यामुळे यातले रास्त किती आणि अवास्तव किती, याबद्दल माझे काही मत बनले आहे; ते मांडण्यासाठी हे पत्र.

परवान्याचा मुद्दा आधी निकालात काढतो. असे सॉफ्टवेअर ज्या अटींवर दिले जाते त्यांपैकी एक असलेला एमआयटी परवाना एका पानात मावतो आणि त्याचा शेवटचा परिच्छेद एवढेच सांगतो की सॉफ्टवेअर आहे त्या स्थितीत दिले आहे, त्याला कसलीही हमी नाही आणि नुकसान झाल्यास लेखक त्याला बांधील नाही. १९९१ साली आलेल्या जीपीएल या आणखी एका परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतही याच आशयाची कलमे आहेत. ज्यांना हमी हवी त्यांनी ती पैसे मोजून घ्यावी. तशी सेवा विकणाऱ्या कंपन्या आहेतच. तेव्हा रात्री अकरा वाजता इश्यू (तक्रार) नोंदवून सकाळी 'अजून काहीच हालचाल कशी नाही' असा तगादा लावणाऱ्याला मेंटेनर काहीही देणे लागत नाही, उत्तरही नाही.

तरीही बरेचसे मेंटेनर परवान्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये प्रोग्राममधील घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा ती लायब्ररी सांभाळणारे लोक बहुतांशी स्वयंसेवक होते आणि त्यांनी त्याच एका महिन्यात २.१५पासून २.१७.१पर्यंत एकामागून एक दुरुस्त आवृत्त्या काढल्या. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. ती उठवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो कोड आधी एकदा तरी उघडून पाहिला होता, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

मग मेंटेनरकडे काहीच मागू नये का? माझ्या मते एक गोष्ट हक्काने मागावी : प्रकल्पाची खरी स्थिती काय आहे, हे त्याने सांगावे. वेळ आणि श्रम ही त्याची खुशी आहे. परंतु आपण आता याकडे पाहत नाही, किंवा सुरक्षेच्या तक्रारी हाताळण्याइतका वेळ आपल्याकडे नाही, हे रीडमीच्या (प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलच्या) पहिल्या चार ओळींत लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे मात्र तो देणे लागतो. कारण त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक 'सगळे ठीक आहे' असाच घेतात.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो आहे. माझी लायब्ररी तारखांची नाना रूपे ओळखून ती एका साच्यात आणत असे. नोकरी बदलली, घरी आजारपण आले आणि मी चौदा महिने तिकडे फिरकलो नाही. त्या काळात एका वापरकर्त्याने लीप वर्षाच्या गणितातली चूक शोधून, चाचण्यांसह नीटनेटकी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधील बदलाचा तयार प्रस्ताव, पाठवली होती. तिच्याखाली दोन महिन्यांनी त्याचीच नम्र विचारणा होती, पाच महिन्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी प्रश्न होता की हा प्रकल्प अजून जिवंत आहे का, आणि त्यानंतर काहीच नव्हते. कोणीही अपशब्द वापरला नव्हता, म्हणूनच ते वाचताना अधिक शरम वाटली. तो बदल मी घेतला नाही, याचे मला आजही विशेष काही वाटत नाही; पण 'मी घेणार नाही, तुम्ही तुमचा फोर्क (स्वतंत्र प्रत) काढा' एवढे एक वाक्य मी लिहिले असते, तर त्या माणसाची पाच-सात महिन्यांची वाट पाहणे वाचले असते.

जमत नसेल तर प्रकल्प दुसऱ्याच्या हाती द्यावा, असे आपल्या लेखात सुचवले आहे. इथे मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. एक्सझेड या, फाइलींचा आकार लहान करणाऱ्या साधनाच्या मेंटेनरवर २०२२ मध्ये नेमका हाच दबाव आणला गेला. आवृत्त्या वेळेवर निघत नाहीत, दुसऱ्याला अधिकार द्या, अशी टोचणी काही अनोळखी नावांनी लावून धरली. हे बिनपगारी, छंदाचे काम आहे आणि आपले मानसिक स्वास्थ्य ठीक नाही, असे त्याने उघडपणे सांगितले होते; म्हणजे जे सांगणे मी वर अपेक्षिले, ते त्याने केले होते. तरीही तगादा थांबला नाही. अखेर सतत मदत करून विश्वास कमावलेल्या एका सहकाऱ्याला त्याने अधिकार दिले, आणि त्याच सहकाऱ्याने २०२४च्या आरंभी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. दूरच्या सर्व्हरवर प्रवेश देणाऱ्या एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावत गेलेल्या एका अभियंत्यामुळे तो २९ मार्चला उघडकीस आला, नाहीतर तो असंख्य सर्व्हरांवर पोहोचला असता. त्याआधी २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम हे पॅकेजही (तयार कोडचा संच) असेच एका उत्साही अनोळखी माणसाकडे सोपवले गेले होते आणि त्यातून बिटकॉइनची पाकिटे लुटण्याचा कोड पसरला. किल्ल्या परक्याच्या हाती देण्यापेक्षा दाराला कुलूप लावून तशी पाटी लावलेली बरी, असे मी म्हणतो ते यामुळे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या पॅकेजच्या लेखकाने मुद्दाम न संपणारे लूप घालून नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. बड्या कंपन्या फुकट राबवून घेतात, हा त्याचा राग मला पूर्ण समजतो. परंतु दुरुस्तीच्या नावाखाली बिघाड पाठवणे हे खोटे बोलणेच झाले, आणि ते समर्थनीय नाही. २०१६ मध्ये आपली लेफ्ट-पॅडसह अनेक पॅकेजेस एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सामायिक भांडारातून काढून घेणाऱ्याला मी त्याच्या पंक्तीला बसवणार नाही. अकरा ओळींच्या कोडवाचून हजारो प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवण्याचे काम) कोसळले, यात पॅकेज काढून घेणाऱ्यापेक्षा त्यावर विसंबणाऱ्यांचा दोष अधिक होता, असे माझे मत आहे. पूर्वसूचना दिली असती तर बरे झाले असते, एवढेच.

राहिला प्रश्न कंपन्यांचा. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही त्रुटी सापडली, तेव्हा इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांना कुलूप पुरवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या सायबर रेझिलियन्स कायद्यात सुरक्षेची मुख्य जबाबदारी उत्पादन बाजारात विकणाऱ्यावर टाकली आहे आणि व्यापारी हेतूविना कोड देणाऱ्या स्वयंसेवकाला त्यातून वगळले आहे. ही विभागणी मला योग्य वाटते, आणि आपल्या लेखात तिचा उल्लेख यायला हवा होता.

माझी लायब्ररी मी पुढे अर्काइव्ह केली, म्हणजे बदलांसाठी बंद केली, आणि तसे ठळकपणे लिहून ठेवले. ती पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यानेच तिचा फोर्क काढला, आणि हल्ली मीही तोच वापरतो. त्यात सापडलेली एक त्रुटी मी तीन आठवड्यांपूर्वी नोंदवली, तिला अद्याप उत्तर आलेले नाही. त्याच्या रीडमीत मात्र अगदी वरच लिहिलेले आहे की इश्यू महिन्यातून एकदाच, शेवटच्या रविवारी पाहिले जातात.

आपला विश्वासू,
एक वाचक